ब्लेझिंग स्टारच्या जाती ओळखायच्या कशा? पाच रोपं, पाटी एकच

सांगलीकरीण | १२ ऑगस्ट, सकाळी ८:१५

शिकागोच्या पश्चिमेला एका उपनगरात राहते. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात स्थानिक रोपांच्या एका विक्रीतून ब्लेझिंग स्टारची (शास्त्रीय नाव लिॲट्रिस) पाच रोपं आणली. पाटीवर नाव होतं लिॲट्रिस लिगुलिस्टायलिस. मला मुद्दाम हीच जात हवी होती, कारण मोनार्क फुलपाखरं हिच्यावर तुटून पडतात असं इथे बाग करणाऱ्या ज्याच्या त्याच्या तोंडून ऐकलं होतं.

यंदा पाचही पहिल्यांदाच जोमाने वर आली आहेत आणि आता लक्षात येतंय की ती एकसारखी नाहीत. दोघांचे वरचे गोंडे उमलून आठवडा झाला. काल दुपारी त्या दोन झाडांवर मिळून सात मोनार्क मोजले. दोन झाडं अजून कळ्यांतच आहेत. पाचवं या दोन्हींच्या मधलं काहीतरी दिसतं. रंग सगळ्यांचा तोच, जांभळट गुलाबी.

आई सध्या माझ्याकडे आली आहे. तिने आल्या आल्या एक गोष्ट पकडली. म्हणाली, "अगं, हे उलटं उमलतंय की! निशिगंधाची काडी खालून वर उमलत जाते, हे वरून खाली येतंय." मी आजवर ते पाहिलंच नव्हतं.

इथे अमेरिकेतली रानफुलं बघणारे बरेच जण आहेत म्हणून विचारते. या जाती वेगळ्या करायच्या कशा? आणि विक्रीतच पाट्यांची अदलाबदल झाली असेल का? ज्यांनी रोपं दिली त्यांना दोष द्यायचा नाही, फार मनापासून काम करणारी माणसं आहेत ती. मला फक्त माझ्या अंगणात काय उगवलंय ते नीट जाणून घ्यायचंय.

वाटसरू | १२ ऑगस्ट, सकाळी ९:०२

फोटो झाडं ओळखणाऱ्या ॲपमध्ये टाकून पाहिले का? माझ्याकडच्या झाडाला ॲपने स्पिकाटा सांगितलं, ही लिॲट्रिसचीच दुसरी जात. बहुतेक सगळ्यांच्या बागेत तीच असते, बुकेमध्ये जगभर जाते तीही स्पिकाटाच. तुमचीही तीच असावी असा माझा अंदाज.

भिंग | १२ ऑगस्ट, रात्री ९:४०

सांगलीकरीण ताई, काकूंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी जे पकडलं ती या सगळ्या कुळीची खूण आहे. लिॲट्रिसचा तुरा शेंड्याकडून खाली उमलत येतो. आपल्या ओळखीच्या तुऱ्यांमध्ये, निशिगंध घ्या की ग्लॅडिओलस, उमलण्याची दिशा बरोबर उलटी असते.

मी विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनजवळ राहतो आणि गेली बरीच वर्षं सुट्टीच्या दिवशी प्रेअरीवर, म्हणजे इथल्या मूळच्या गवताळ माळावर, बी गोळा करायला, तण काढायला जातो. तिथे पहिल्या वर्षी मला एका आजींनी सांगितलं होतं की लिॲट्रिसचं फूल बघू नकोस, फुलाच्या खाली बघ. आता तेच सगळ्यांना सांगतो. जांभळा रंग सगळ्यांचा सारखा, आणि जवळपास प्रत्येक जातीत अधूनमधून पांढऱ्या फुलांचं झाडही निघतं. म्हणजे रंगावरून काहीच ठरत नाही.

झेंडू हातात घ्या. दसऱ्याला आपण ज्या "पाकळ्या" उपटतो त्यातली एकेक म्हणजे खरं तर एकेक स्वतंत्र फूल. ती सगळी खालच्या हिरव्या पेल्यात बसलेली असतात. लिॲट्रिस झेंडूच्याच कुळातली. हिचाही एकेक गोंडा म्हणजे पुष्कळ बारीक फुलांचा पुंजका, फक्त हिच्यात पसरट पाकळीवालं फूल नसतंच, सगळी नळीसारखी. गोंड्यातून जे लांब धागे बाहेर लोंबतात ते त्या फुलांच्या कुक्षीचे फाटे. आणि झेंडूच्या हिरव्या पेल्याच्या जागी लिॲट्रिसला एकावर एक बसलेले खवले असतात. वनस्पतिशास्त्रात त्यांना छदं म्हणतात. जात लिहिलेली असते ती या खवल्यांवर.

वाटसरू, ॲपला दोष नाही. पण आपण फोटो वरून काढतो, त्यात खवले येतच नाहीत. मग ॲप जे सगळ्यात जास्त लावलं जातं त्याचं नाव सांगतं.

ताई, जमलं तर एवढं बघून लिहा. गोंड्याला देठ आहे की तो थेट दांड्याला चिकटलाय? खवल्याचं टोक गोल आहे की टोकदार, आतल्या बाजूला चिकटलेलं की बाहेर वळलेलं? खवल्याची कड कशी आहे? आणि एखादा गोंडा उलगडून त्यातली फुलं मोजा. अंगणातलं झाड आहे, एक गोंडा खुडलात तर हरकत नाही. संरक्षित प्रेअरीवर मात्र हे करू नका.

माळरान | १३ ऑगस्ट, सकाळी ७:३०

साताऱ्याहून लिहितोय. धागा वाचून कासच्या पठारावरचे गेंद आठवले. तिथेही हजारो पांढरी डोकी वाऱ्यावर डुलत असतात, पर्यटक म्हणतात "गेंद", आणि जाणकार माणूस गुडघ्यांवर बसून भिंग काढतो, कारण त्या एका नावाखाली कितीतरी जाती असतात आणि त्या वरून कळत नाहीत.

एक विचारायचं होतं. लिॲट्रिसच्या फोटोंतला गोंडा आमच्या सहदेवीसारखा वाटतो, तिलाही पसरट पाकळ्या नसतात. जवळचं नातं आहे का?

भिंग | १३ ऑगस्ट, सकाळी ८:०५

माळरान, निरीक्षण छान आहे, पण सहदेवी थोडी लांबची. कूळ एकच, पोटशाखा वेगळी. लिॲट्रिसच्या पोटशाखेतली तुमच्याकडची झाडं म्हणजे ओसाडी आणि रानमोडी. कोकणात रस्त्याकडेला माजलेली रानमोडी मूळची अमेरिका खंडातलीच. तिचा एक गोंडा उलगडून बघा. तशाच नळीदार फुलांची जुडी आणि तसेच फुलांबाहेर लोंबणारे लांब फाटे दिसतील.

सांगलीकरीण | १३ ऑगस्ट, संध्याकाळी ७:१०

आज दुपारभर आम्ही दोघी अंगणात होतो. आईने तिचं भाजी निवडायचं ताट घेतलं, त्यात पांढरा रुमाल पसरला आणि त्यावर गोंडे ठेवून पाहिले. झाडांना एक ते पाच नंबर दिले आहेत.

एक आणि दोन (मोनार्क येतात ती). गोंड्यांना चांगला लांब देठ, काहींना पेराएवढा. शेंड्याचा गोंडा बाकीच्यांपेक्षा स्पष्ट मोठा, आणि तोच सगळ्यांत आधी उमललेला. खवले तांबूस जांभळे, त्यांची कड पातळ आणि वेडीवाकडी फाटलेली, पण सपाट. आई म्हणाली, "जुन्या पदराची कड विरते ना, तशी." एका गोंड्यातली फुलं मोजली, ५२ भरली.

तीन आणि चार (कळ्यांतली). गोंडे दांड्याला जवळजवळ चिकटलेले, देठ नसल्यातच जमा. खवले रुंद, गोल, आणि त्यांची कड पारदर्शक, फुगीर, सुरकुतलेली. इथेही शब्द आईचाच आहे. तिने बोट फिरवलं आणि म्हणाली, "तळलेल्या पापडाची कड." खरंच तशी आहे, फुगून वर आलेली, आतून पोकळ वाटावी अशी. उमलायला आलेली एक कळी उघडली, त्यात २३ फुलं होती.

पाच. देठ आहे पण आखूड. खवल्यांची कड काही ठिकाणी फुगलेली, काही ठिकाणी नुसती फाटलेली. शेंड्याचा गोंडा किंचित मोठा. फुलं ३४.

भिंग | १३ ऑगस्ट, रात्री १०:२०

काकूंना म्हणावं, "तळलेल्या पापडाची कड" हे वर्णन मी आता आमच्या गटातल्या सगळ्यांना सांगणार आहे. इंग्रजीत याच गोष्टीसाठी जे शब्द वापरतात त्यातला एकही इतका लगेच कळत नाही.

तीन आणि चार म्हणजे लिॲट्रिस ॲस्पेरा. फुगीर सुरकुतलेली कड, न-देठी गोल गोंडा, फुलं वीस-पंचविसाच्या घरात. ही कोरड्या, वाळूच्या, खडकाळ जमिनीतली जात. ऑगस्टच्या शेवटी सुरू होते आणि सप्टेंबरभर चालते, म्हणून अजून कळ्यांत आहे. फुलायच्या आधी ओळख पटत नाही असं लोकांना वाटतं, पण खवले कळीतही तेच असतात.

एक आणि दोन खरीखुरी लिगुलिस्टायलिस. लांब देठ, मोठा शेंडा-गोंडा, सपाट फाटलेली तांबूस कड, आणि फुलं तिसापासून सत्तरपर्यंत, कधी त्याहून जास्त. ही मूळची विस्कॉन्सिन-मिनेसोटापासून पश्चिमेला डाकोटा आणि खाली रॉकी पर्वताच्या बाजूने कोलोरॅडो, न्यू मेक्सिकोपर्यंतची. तुमच्या पाचपैकी दोन रोपांची पाटी बरोबर होती.

पाचव्याबद्दल मी पैज लावणार नाही, पण तुम्ही लिहिलेली प्रत्येक खूण मधली आहे. देठ मधला, कड मधली, संख्या मधली, फुलायची वेळही मधली. ॲस्पेरा आणि लिगुलिस्टायलिस जवळ जवळ लावल्या की त्यांचा संकर सहज होतो. मधमाशी काही पाटी वाचत नाही. बी गोळा करताना रोपवाटिकेत दोन्ही शेजारी असतील तर एकाच पाकिटात ॲस्पेरा, लिगुलिस्टायलिस आणि दोन्हींची मुलं येऊ शकतात. अदलाबदल कोणी केली असेल असं मला वाटत नाही, ती बियांतच झाली असेल.

उत्तरेकडची | १४ ऑगस्ट, सकाळी ६:५०

मिनियापोलिसहून. आमच्याकडे लिगुलिस्टायलिस आपल्या घरी आहे आणि मोनार्कबद्दल तुम्ही ऐकलंत ते अगदी खरं आहे. माझ्या कुंपणाशी स्पिकाटा, ॲस्पेरा आणि लिगुलिस्टायलिस तिन्ही आहेत. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मोनार्क बाकीच्यांवरून उडत येतात आणि लिगुलिस्टायलिसवर बसतात. एकाच दांड्यावर पाच-पाच. ही पिढी पुढे मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या डोंगरांपर्यंत जाणारी, तिला वाटेसाठी मध हवा असतो. तिकडे रुईवर जो प्लेन टायगर दिसतो ना, त्याचंच हे जवळचं भावंड.

बियांपासून करायची असेल तर ओल्या वाळूत घालून फ्रिजमध्ये साधारण दोन महिने ठेवा, नाहीतर सरळ थंडीआधी बाहेर पेरा. फूल यायला दोन-तीन वर्षं लागतात. पहिल्या वर्षी नुसतं गवताच्या पात्यासारखं दिसतं, मी स्वतः उपटून टाकलेलं आहे. आणि कंद जपा. उंदरांच्या जातीतल्या व्होलना हे कंद फार आवडतात. माझी एका हिवाळ्यात अकरा झाडं गेली, वसंतात खणलं तर मातीत नुसती बिळं. आता कंदाभोवती लोखंडी जाळी घालते.

आमच्याकडे पश्चिमेच्या कोरड्या टेकड्यांवर पंक्टाटा नावाची आणखी एक आहे. बुटकी, अरुंद ताठ पानं, पानावर राळेचे बारीक ठिपके, पानाच्या कडेला आखूड पांढरे केस. तिला बाकीच्यांसारखा गोल कंद नसतो, सरळ मूळ जमिनीत जातं, आणि ते पंधरा फुटांच्या आसपास खोल गेलेलं मोजलेलं आहे. वर झाड दीड फूट. मला त्या झाडापुढे उभं राहिलं की दर वेळी वाटतं, आपल्याला दिसतंय ते झाडाचं टोक आहे फक्त.

वाटसरू | १४ ऑगस्ट, दुपारी १:१५

माझा पहिला प्रतिसाद घाईचा होता, मागे घेतो. वरचं सगळं वाचून बाहेर जाऊन माझं झाड पुन्हा पाहिलं. गोंडे बारीक, एकमेकांना चिकटून, दांडा सगळा झाकलेला, घट्ट कणसासारखा. देठ नाही. म्हणजे ॲस्पेरा किंवा लिगुलिस्टायलिस नाही एवढं कळलं. पण पिक्नोस्टॅकिया नावाची जातही अशीच कणसासारखी दिसते असं वाचलं. एका गोंड्यात सात फुलं आहेत. मग ही कुठली?

भिंग | १४ ऑगस्ट, रात्री ८:५०

वाटसरू, घट्ट कणसावरून तुम्ही बरोबर जोडीपर्यंत आलात. आता फुलं मोजून पुढे जाता येत नाही. स्पिकाटात साधारण पाच ते आठ, पिक्नोस्टॅकियात पाच ते सात. मोजणीने गट ठरतो, या जोडीतली जात ठरत नाही.

पुन्हा खवल्यांकडे या. स्पिकाटाचे खवले गोंड्याला अंगासरशी चिकटलेले, टोक बोथट, गोल, कडेला बहुतेक वेळा जांभळी रेघ. बोट खालून वर फिरवा, गुळगुळीत लागेल. पिक्नोस्टॅकियाचे खवले निमुळते टोकदार, आणि ती टोकं बाहेरच्या बाजूला वळलेली. बोट वरून खाली ओढलं की अडकतं. गव्हाच्या ओंबीवरून उलटा हात फिरवल्यावर लागतं तसं, मात्र त्याहून पुष्कळ मऊ.

दुसरी खूण दांड्याची. पिक्नोस्टॅकियाचा दांडा वरच्या भागात बहुधा केसाळ, स्पिकाटाचा बहुधा तुळतुळीत. उन्हाच्या विरुद्ध धरून बघा, केस असतील तर दांड्याभोवती पांढरी किनार चमकते.

कॅन्ससचा माळी | १४ ऑगस्ट, रात्री ११:३०

भिंग यांच्याशी बहुतांशी सहमत. दांड्याच्या केसांबद्दल मात्र थोडं सांभाळून. पिक्नोस्टॅकिया आमच्याकडची, तिचं एक नावच कॅन्सस गेफेदर. मी ओल्या माळांवर शेकडो झाडं पाहिली आहेत आणि त्यांत अजिबात केस नसलेली झाडंही भेटतात. केसांवर भिस्त ठेवली तर तुम्ही त्यांना स्पिकाटा म्हणाल. टोकं वळलेली आहेत का, तेच धरा.

आणखी एक. पुस्तकात "स्पिकाटा ओल्या जागी, ॲस्पेरा कोरड्या जागी" असं लिहिलेलं असतं. रानात ते खरं आहे आणि फार कामाचं आहे. बागेत नाही. बागेत माणूस पाणी घालतो, तिथे जमिनीवरून जात सांगू नये.

भिंग | १५ ऑगस्ट, सकाळी ७:००

मान्य, दोन्ही मुद्दे. केसांची खूण मी नको तेवढी पुढे केली. टोकं आधी, केस नंतर.

वाटसरू | १५ ऑगस्ट, सकाळी ७:४५

टोकं बोथट, चिकटलेली, कडेला जांभळी रेघ. बोट कुठेही अडकलं नाही. स्पिकाटाच निघाली. नाव तेच राहिलं, पण आता ते ॲपने सांगितलं म्हणून नाही.

सिएराची पायवाट | १५ ऑगस्ट, दुपारी ४:१०

थोडं बाजूचं लिहिते, गोंधळ नको म्हणून. कॅलिफोर्नियात "ब्लेझिंग स्टार" म्हटलं की वेगळंच झाड समोर येतं, मेंटझेलिया. पिवळी धमक मोठी फुलं, खरोखर चांदणीसारखी. कूळच वेगळं, झेंडूच्या कुळाशी संबंध नाही. पानांवर आकड्यांसारखे केस असतात, पान शर्टाला लागलं की गोखरूसारखं चिकटून येतं. पूर्व सिएरात रस्त्याकडेच्या रेताड जागी भरपूर दिसतं. तेव्हा नुसतं "ब्लेझिंग स्टार" लिहिण्यापेक्षा लिॲट्रिस म्हटलेलं बरं.

भिंग | १५ ऑगस्ट, रात्री ९:१५

चांगली आठवण केलीत. लिॲट्रिस या नावाचा अर्थ मात्र कोणालाच ठाऊक नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी हे नाव दिलं गेलं, ते कुठून आलं याची नोंद मिळत नाही. स्पिकाटाला तर लिनियसने १७५३ मध्ये वेगळ्याच प्रजातीत घातलं होतं, सेराट्युला म्हणून. ॲस्पेरा आणि पिक्नोस्टॅकिया ही दोन्ही नावं आंद्रे मिशो या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाची, १८०३ ची. तो अमेरिकेत पुष्कळ हिंडला, इलिनॉयपर्यंतही आला होता.

माळावर जाणाऱ्यांसाठी आणखी एक खूण, ज्यांच्याकडे भिंग आहे त्यांच्यासाठी. बी सुटायला लागलं की प्रत्येक बीला रुईच्या म्हातारीसारखे केस असतात. त्यातला एक केस भिंगाखाली धरा. स्पिकाटा, पिक्नोस्टॅकिया, ॲस्पेरा, लिगुलिस्टायलिस यांचा केस कुसळासारखा, त्यावर अगदी आखूड काटे. सिलिंड्रेसिया, स्क्वारोसा आणि उत्तरेकडच्या ताईंची पंक्टाटा यांचा केस पिसासारखा, दोन्ही बाजूंना लांब मऊ तंतू. दहा पट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरतं. सिलिंड्रेसिया ही चुनखडीच्या कोरड्या टेकड्यांवर मिळते, जेमतेम गुडघ्याएवढी, मोजकेच लांबट गोंडे. तिला लहान राहिलेली ॲस्पेरा समजायची चूक मी बरीच वर्षं केली. पहिल्यांदा केस भिंगाखाली धरला आणि पीस दिसलं, त्या दिवशी जुन्या वह्या काढून नोंदी दुरुस्त केल्या.

पानगळ | १६ ऑगस्ट, सकाळी ८:२५

न्यू हॅम्पशायरहून. आमचं काम सोपं आणि त्याच कारणाने काळजीचं. न्यू इंग्लंडात मूळची लिॲट्रिस एकच, स्कॅरिओसाचा एक उपप्रकार, नोव्ही-अँग्ली. देठ असलेले गोंडे, लिगुलिस्टायलिसशी जवळचं रूप, पण खवल्यांची कड अरुंद आणि सपाट. तिची सगळ्यांत मोठी वस्ती मेन राज्यातल्या केनेबंक प्लेन्सवर आहे. पूर्वी तिथे ब्लूबेरीची शेती होती. ऑगस्टच्या शेवटी जाऊन बघा, सपाट वालुकामय माळ, मध्येच पाइनची रांग, आणि नजर जाईल तिथवर जांभळं. तिथे ठरवून, आखून आग लावतात. आग लावली नाही तर झुडपं माळ गिळून टाकतात. जळल्यानंतर ही झाडं जोराने फुलतात आणि रोपंही जास्त रुजतात.

वरचा संकराचा भाग वाचून पोटात गोळा आला. अशा वस्तीच्या आसपास कोणी हौसेने पश्चिमेकडची लिगुलिस्टायलिस लावली तर? आमच्याकडच्या मराठी मंडळींना माझी कळकळीची विनंती, त्या भागात राहत असाल तर स्थानिक बियांपासून केलेलंच रोप घ्या, नाहीतर लिॲट्रिस लावूच नका. मोनार्कसाठी ॲस्टर आहेत, गोल्डनरॉड आहे.

उत्तरेकडची | १६ ऑगस्ट, सकाळी ९:४०

पानगळ, शंभर टक्के. आणि प्रश्न फुलपाखरांपुरता नाही. शिनिया ग्लोरिओसा नावाचा गुलाबी-तपकिरी पतंग आहे, त्याच्या अळ्या लिॲट्रिसच्या गोंड्यांतच वाढतात. पापायपेमा बीरियाना नावाच्या पतंगाची अळी लिॲट्रिसच्या बुंध्यात आणि मुळात शिरते. ही मंडळी दुसरीकडे जाऊ शकत नाहीत. त्यांच्या दृष्टीने हे झाड म्हणजे पूर्ण घर.

सांगलीकरीण | १७ ऑगस्ट, रात्री ९:३०

काल आईला घेऊन मार्कहमला गेले होते, शिकागोच्या दक्षिणेला, गेन्सबर्ग-मार्कहम प्रेअरी. बाजूने महामार्ग जातो, ट्रकचा आवाज अखंड. आणि आत कधीच न नांगरलेली जमीन. इलिनॉयला प्रेअरीचं राज्य म्हणतात, पण मूळच्या प्रेअरीतला हजारातला एक भागही आज उरलेला नाही. आईला ते सांगितलं तर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "कृष्णाकाठची गायरानं अशीच गेली."

तिथे सखल ओलसर भागात हजारोंनी तुरे होते. पायवाटेवरून न उतरता, काही न खुडता, नुसतं वाकून पाहिलं. घट्ट कणीस, देठ नाही, टोकं बोथट आणि चिकटलेली, दांडा तुळतुळीत. स्पिकाटा. एकही प्रश्न न विचारता मी जात सांगितली, आयुष्यात पहिल्यांदा. आईने पदराने चष्मा पुसला, पुन्हा वाकून पाहिलं आणि म्हणाली, "यात पापड नाही."

आता एक खरा प्रश्न. आमच्या भागातल्या एका प्रेअरी गटाला मी या शरद ऋतूत माझ्या झाडांचं बी द्यायचं कबूल केलं होतं. पाचव्या झाडाचं देणार नाही हे कळलं. पण एक ते चारचं चालेल ना?

भिंग | १७ ऑगस्ट, रात्री १०:४५

ताई, तुम्हाला वाईट वाटेल, पण देऊ नका. एक आणि दोन शुद्ध दिसतात म्हणून त्यांचं बी शुद्ध असेल असं नाही. आई कोण ते आपल्याला माहीत आहे, पराग कोणाचा ते नाही. फुलायच्या वेळा थोड्या वेगळ्या असल्या तरी टोकाला काही दिवस दोन्ही एकत्र उमललेल्या असतात, आणि पाचवं मध्ये पूल बांधून उभं आहे. शिवाय लिगुलिस्टायलिस तुमच्या भागातली मूळची नाही. प्रेअरीवर पेरायचं बी जवळच्या जुन्या, मूळच्या तुकड्यातून परवानगीने गोळा केलेलं असावं लागतं. एकदा चुकीचं बी मिसळलं की पुढे वेगळं काढता येत नाही. ॲस्पेराच्या कंदात दर वर्षाचं एकेक वर्तुळ तयार होतं. १९६८ मध्ये इलिनॉयमधल्या अभ्यासात त्यावरून झाडांची वयं मोजली होती, आणि ती काही दशकं जगतात. म्हणजे आपण आज पेरलेली चूक आपल्या नातवंडांपर्यंत उभी राहते.

बी द्यायचं कबूल केलं होतं तर त्याऐवजी बी गोळा करायला हात द्या. प्रत्येक गटाला माणसं कमी पडतात. खवले ओळखणारी तर फारच कमी.

कॅन्ससचा माळी | १८ ऑगस्ट, सकाळी ७:१०

आणि पाचवं झाड उपटू नका हो. अंगणात असू दे. प्रेअरीपासून लांब आहे, गोल्डफिंच पक्षी बी खातील, मोनार्कनाही मध मिळेल.

सांगलीकरीण | १८ ऑगस्ट, सकाळी ८:००

वाईट वाटलं, पण पटलं. गटाला आज सकाळीच ईमेल केलं, बी देत नाही आणि कारण काय ते. त्यांचं लगेच उत्तर आलं, ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी बी गोळा करायला बोलावलंय. आईलाही.

सांगलीकरीण | २१ सप्टेंबर, संध्याकाळी ६:२०

धागा वर काढते. तीन आणि चार आता पूर्ण फुलल्या आहेत. लिगुलिस्टायलिस संपून तिची म्हातारी उडायला लागली, आणि दक्षिणेकडे निघालेले उशिराचे मोनार्क आता ॲस्पेरावर थांबतायत. आज सकाळी चार होते. थंडी होती, उन्हं येईपर्यंत पंख मिटून लोंबत राहिले.

भिंग, तुम्ही सांगितलेलं भिंग मागवलं. एक नंबरच्या बियांचा केस पाहिला, कुसळच आहे, आखूड काटे दिसले. पाचव्याचाही कुसळासारखा. दोन्ही आईबाप तसलेच, त्यामुळे तिथे फरक दिसणार नाही हे मागाहून लक्षात आलं.

जुन्या पाट्या काढल्या. आईने नव्या लिहिल्या, तिच्या अक्षरात, देवनागरीत. १ आणि २ वर "लिगुलिस्टायलिस, विरलेला पदर". ३ आणि ४ वर "ॲस्पेरा, पापड". ५ वर मी दोन्ही नावं सांगितली होती, तिने ती लिहून पुढे मोठं प्रश्नचिन्ह काढलंय. पाचव्याचे सगळे गोंडे बी सुटायच्या आधी कापून घेतले, कुंपणापलीकडे ओढ्याकाठी मोकळा माळ आहे म्हणून. त्यातले तीन आईने रुमालात गुंडाळून ठेवलेत, ऑक्टोबरमध्ये बी गोळा करायला जाऊ तेव्हा तिथल्या लोकांना दाखवायला.